दोन फाट्यांचा कोअर

डॉक्टरांनी शेवंतीच्या छातीचा फोटो काचेवर लावला, मागचा दिवा पेटवला आणि आम्हा दोघांना जवळ बोलावलं.

"हे पांढरं दिसतंय ना, ठिपक्याठिपक्यांचं, ही सगळी वाळूची धूळ," ते म्हणाले. "ती जिथं बसली तिथली छाती आता काम करत नाही."

"औषधानं धुऊन निघत नाही?" मी विचारलं.

"नाही. जेवढी गेली ती गेली. राहिली आहे ती जपायची."

शेवंती फोटोकडं बघत होती. तिनं पदर सारखा केला आणि विचारलं, "डॉक्टर, आंबा घाट चालून चढता येईल का?"

डॉक्टर लिहिता लिहिता थांबले. "अहो बाई, घरचा जिनासुद्धा चढू नका असं मी आत्ता सांगणार होतो. घाट कशाला चालायचाय?"

"शिमग्याला माहेरी जायचंय."

"माहेरी जा की. कोकणातली हवा चांगलीच आहे. पण गाडीत बसून जा."

"हां," ती म्हणाली आणि माझ्याकडं बघून हसली. "ते ह्यांना सांगा."

डॉक्टरांना त्यातलं काही कळलं नाही. आमची गाडी त्यांनी पाहिली नव्हती.

फियाट मी जुनी घेतली होती. आधी ती टॅक्सी होती. मीटर एकदा पुरतं फिरून शून्यावर आलेलं होतं आणि माझ्याकडं आल्यावर ते आणखी एकदा फिरलं. उद्यमनगरात माझं लेथचं छोटं वर्कशॉप होतं, हाताशी हत्यारं होती, म्हणून ती गाडी चालत राहिली. सपाटीला काही तक्रार नव्हती. तक्रार होती ती फक्त आंबा घाटात.

शेवंतीचं माहेर घाटाखाली, साखरप्याजवळ. लग्न झाल्यापासून एकही शिमगा तिनं चुकवला नव्हता. त्यांच्या गावच्या वाघजाईची पालखी घरोघर येते, तेव्हा माहेरवाशिणीनं तिची ओटी भरायची. जाताना घाट उतरायचा, त्यामुळं गाडी खुशीत असायची. परत येताना मधल्या उभ्या वळणांवर ती दोघांना घेऊन चढायची नाही. मग शेवंती खाली उतरायची, रस्त्याकडेचा एक दगड उचलायची आणि गाडीमागनं चालायची. मी पुढं जाऊन जिथं अडकेन तिथं ती मागच्या चाकाला दगड लावायची, मी क्लच दाबून पुन्हा गाडी उठवायचो. ट्रकचे क्लीनर जाता जाता ओरडायचे, "मावशी, गाडी डोक्यावर घ्या!" ती त्यांना ओरडून सांगायची, "तुझा ट्रक दे, तो घेते!"

म्हणून तिनं डॉक्टरांना घाटाचं विचारलं होतं.

घरी आल्यावर ती पोळपाट घेऊन बसली. मी समोर बसलो.

"भाड्याची गाडी करू," मी म्हणालो.

"दारात गाडी असताना? मनोहर सगळ्या गावाला सांगेल, भावोजींनी फियाट भंगारात घातली."

मनोहर म्हणजे तिचा धाकटा भाऊ. माझ्या गाडीवर बोलल्याशिवाय त्याचा शिमगा पुरा होत नसे.

"मग एसटीनं."

"एसटीत धूळ खात बसू? डॉक्टर काय म्हणाले?"

"मग गाडीनंच जाऊ. जायला काय, उतारच आहे. पण यायचं कसं?"

"नाही यायचं."

ती सहज बोलली. हातातली चपाती तिनं उलटली, पीठ लावलं आणि पुन्हा लाटायला लागली. मी उठून बाहेर गाडीपाशी जाऊन उभा राहिलो. आम्हाला मूलबाळ नव्हतं. घरात बोलणारं माणूस ती एकच होती.

थोड्या वेळानं मी आत आलो. "मी तुला वर आणणार," मी म्हणालो. "एकाही वळणावर तू खाली उतरणार नाहीस."

"उचलून आणणार?"

"गाडीत बसवून."

"ती गाडी? तिला स्वतःला वर यायला जमत नाही, मला काय आणतेय."

तेव्हा मी तिला वर्कशॉपातल्या बाकाखाली ठेवलेल्या सुपरचार्जरबद्दल सांगितलं. जुन्या बाजारात तो मला मिळाला होता, कुठल्यातरी परदेशी छोट्या गाडीचा. काही करायचं म्हणून घेतला नव्हता. आतले दोन रोटर एकमेकांना न शिवता इतके सुरेख फिरायचे की बघत बसावं, म्हणून घेतला. आम्ही त्याला ब्लोअर म्हणायचो.

"त्याचं काय करणार?"

"इंजिन आपल्या जोरावर हवा ओढतं ना, त्यापेक्षा जास्त हवा हा आत कोंबतो. इंजिनच्या पुलीवरनं पट्टा द्यायचा, की हा फिरायला लागतो. हवा जास्त, पेट्रोल जास्त, मग जोरही जास्त."

"म्हणजे न जेवणाऱ्या पोराला मांडीवर धरून घास कोंबायचे."

"तसंच."

"आणि पोरानं ओकलं तर?"

"ओकेलच. पिस्टनच्या रिंगा झिजल्यात. आधी रिंगा बदलायला पाहिजेत. जोर पण बेतानं द्यायचा, जुनं इंजिन आहे."

तिनं लाटणं बाजूला ठेवलं. "करा," ती म्हणाली. "पण एक सांगते. मला नि गाडीला एका माळेत ओवू नका. तिला दम लागतो, हिलाही दम लागतो, असलं काही तोंडातून काढलं तर जेवायला वाढणार नाही."

मी कबूल केलं.

दुसऱ्या दिवसापासून मी गाडी अंगणात उघडली. शेवंतीला खुर्ची टाकून दिली. आधी इंजिनाची दाब-तपासणी केली. प्लग काढून तिथं दाबाचं मीटर लावायचं, इंजिन फिरवायचं आणि काटा किती चढतो ते बघायचं. मीटर तिच्या हातात दिलं, मी आत बसून स्टार्टर मारला.

"कुठं चढला?"

"चढायचं मनात आणलं होतं त्यानं. मग बसला."

मी त्या भोकात चमचाभर ऑइल ओतलं आणि पुन्हा फिरवलं. ऑइलनं झिजलेल्या रिंगांची फट भरते. काटा वर गेला तर दोष रिंगांचा, नाही गेला तर व्हॉल्व्हचा.

"गेला, गेला!" ती खुर्चीतून ओरडली आणि तिला खोकला आला. पाणी प्यायली. मग म्हणाली, "रिंगाच. मी म्हटलंच होतं."

"कधी?"

"मनात."

रिंगा बदलल्या. ब्लोअर बसवायला लोखंडी पट्टीचा ब्रॅकेट केला, पुली लेथवर काढली. ओतकाम करणारा बाबालाल मुल्ला एके दिवशी बघायला आला. शेजारच्या गल्लीत त्याची अ‍ॅल्युमिनियम ओतायची भट्टी होती. तो गाडीभोवती एक चक्कर मारून आला.

"पांचाळ, म्हाताऱ्याला लंगोट नेसवला म्हणून तो पैलवान होतो व्हय?"

"रिंगा नव्या घातल्यात."

"गुडघं जुनंच न्हवं?"

"बाबालाल," शेवंती खुर्चीतून म्हणाली, "कुस्ती एकच मारायची आहे. आंबा घाटाची. शिमग्याहून परतताना."

"मग हरकत न्हाई वैनी," तो म्हणाला. "एका कुस्तीला म्हातारा बी उठतोय."

अडचण एका पाईपाची होती. ब्लोअरला तोंड एक आणि इंजिनाला तोंडं दोन. मध्ये एक वाकडा पाईप हवा होता, एका बाजूनं हवा घेऊन दोन फाट्यांनी सोडणारा. असा पाईप बाजारात मिळत नाही, तो अ‍ॅल्युमिनियममध्ये ओतून घ्यावा लागतो. बाबालाल ओतायला तयार होता. पण त्याला कोअर हवा होता.

कोअर म्हणजे काय ते सांगतो. ओतकामात बाहेरचा आकार साच्यात घेता येतो, पण आतली पोकळी आयती मिळत नाही. त्या पोकळीच्या आकाराची वाळूची वस्तू करायची, भट्टीत भाजून कडक करायची आणि साच्यात ठेवायची. भोवती धातूचा रस ओतायचा. धातू थंड झाला की आतली वाळू फोडून काढायची. वाळू गेली की पोकळी राहते. कोल्हापूरच्या फाउंड्र्यांत जास्त काम बिडाचं, म्हणजे ओतीव लोखंडाचं, आणि तिथं कोअर बहुतेक बायकाच करतात. शेवंतीनं लग्न होऊन आल्यापासून तेच केलं होतं. तिच्या हातचा कोअर मोडला असं कुणी ऐकलं नव्हतं. त्याच कामातली धूळ आता तिच्या छातीत होती, म्हणून मी तिला विचारलंच नाही. तिची मैत्रीण हौसाबाई अजून कामावर होती, तिला सांगितलं.

हौसाबाई दोनदा कोअर करून घेऊन आली आणि दोन्ही वेळा तो फाट्यात मोडलेला होता. दुसऱ्या वेळी तिनं तुकडे टॉवेलात गुंडाळून आणले आणि शेवंतीच्या पुढ्यात टाकले.

"बाई, तुझ्या नवऱ्यानं ही काय पँट शिवायला दिलीय मला? दोन पायांच्या मध्ये फाटतीया."

शेवंतीनं तुकडे उचलले, जुळवून पाहिले, मोडलेल्या जागेवरून अंगठा फिरवला. "आधाराची तार आडवी घातलीस. फाट्यात तार वाकवून घालायची. वाळू इथं आण, मी करते."

"शेवंता, नाही," मी म्हणालो.

"का?"

"का म्हणून काय विचारतेस? फोटो बघितलास ना?"

"कोरडी धूळ वाईट. तेलात कालवलेली वाळू उडत नाही. हौसा बाहेर कालवेल नि ओली करून आत आणेल. मी तोंडाला ओला फडका बांधते."

"नाही म्हणजे नाही."

"मग मोडकी पँट घाला गाडीला. मी खालीच राहते."

हौसाबाई माझ्याकडं बघत होती. शिमगा जवळ येत चालला होता. शेवटी मी कोअरची लाकडी पेटी, म्हणजे त्याचा साचा, पुसून तिच्यापुढं ठेवली.

हौसाबाईनं भिंतीपलीकडं वाळू कालवली आणि घमेल्यातून आणली. वाळू, जवसाचं तेल, थोडी उसाची मळी. शेवंतीनं ती मुठीत दाबून पाहिली.

"तेल आण अजून."

"पुरे की गं."

"आण म्हटलं ना."

हौसाबाईनं तेल आणलं. शेवंतीनं ओतलं, कालवलं, पुन्हा मुठीत दाबलं. "अजून थोडं." हौसाबाई काही बोलणार होती. शेवंतीनं नुसतं तिच्याकडं बघितलं आणि तिनं बाटली पुढं केली. मी समोरच बसलो होतो. मला वाटलं, दोघींचा कामाचा काहीतरी वाद आहे.

मग शेवंती कामाला लागली. फडक्यावर तिचे डोळे तेवढे दिसत होते. पेटीच्या एका अर्ध्यात वाळू भरली, अंगठ्यानं कोपऱ्याकोपऱ्यात दाबली. तार बोटांनी वाकवून फाट्यात बसवली. दुसरा अर्धा भरला, दोन्ही जोडले, कडेनं लाकडी हातोडीनं हलकेच ठोकलं. मध्ये मध्ये थांबत होती. थांबली की मी उठायचो आणि ती हात वर करून मला बसवायची. शेवटी तिनं पेटी उघडली. कोअर पत्र्यावर उभा होता, दोन पाय फाकून. जोडाची रेघ तिनं नखानं साफ केली आणि फडका सोडला.

"बघा. नाचायला लागेल आता."

हौसाबाई तो मांडीवर घेऊन रिक्षात बसली आणि फाउंड्रीच्या भट्टीत भाजून आणला. गुळाच्या ढेपेसारखा रंग आला होता. बोट वाजवलं तर खणखण वाजत होता.

"असा कडक कोअर मी बघितला न्हाई," बाबालाल म्हणाला.

त्यानं साचा बांधला, कोअर आत ठेवला, रस ओतला. थंड झाल्यावर पाईप बाहेर काढला तेव्हा आम्ही दोघंही खूश झालो. कुठं छिद्र नाही, कुठं फुगा नाही. पण वाळू निघेना. बाबालालनं पाईप आपटून बघितला, सळई घालून बघितली.

"गोची झाली," तो म्हणाला. "बिडाचा रस लई तापतो, त्यानं आतला कोअर जळून मोकळा होतोय. अ‍ॅल्युमिनियम तेवढं तापत न्हाई. म्हणून अ‍ॅल्युमिनियमला तेल कमी घालायचं असतंय. वैनींनी बिडाच्या वर तेल घातलंय."

"मग?"

"बारीक छिन्नीनं खरवडून काढा. पण दमानं. जोरात हाणलं तर फाटा फुटंल, नि मग समदं पहिल्यापासनं."

घरी येऊन मी शेवंतीला सांगितलं. ती भिंतीला उशी लावून बसली होती.

"माझा हात बिडाचा," ती म्हणाली. "सवय जात नाही. खूप कडक झालाय?"

"दगड झालाय."

"मग खरवडा दमादमानं."

मी खरवडायला बसलो. दिवसभरात नखाएवढी वाळू निघायची. शिमगा दारात आला तेव्हा पाईपाच्या तोंडाशी जेमतेम बोट शिरत होतं.

"आता कसं करायचं?" मी म्हणालो.

"जायचं. जायला उतारच आहे, तुम्हीच म्हणालात."

"आणि येताना?"

"येतानाचं येताना बघू. देवी माझ्यासाठी थांबणार आहे का?"

आम्ही सकाळी निघालो. मलकापूर गेलं, आंबा गेलं, घाट सुरू झाला. काचा वर केल्या होत्या. मी गाडी दुसऱ्यात टाकून सावकाश उतरवत होतो आणि शेवंती प्रत्येक वळणाची आठवण काढत होती.

"इथं तुम्ही रुसला होता."

"मी कुठं रुसलो?"

"दगड उशिरा लावला म्हणून. गाडी घरंगळत मागं आली नि तुम्ही माझ्यावरच ओरडलात. वर पोचेपर्यंत बोलला नाहीत. मी पण नाही. आंब्याला चहा पाजलात तेव्हा बोलले."

"तो दगड बारका होता."

"बघा. अजून रुसलेलेच."

गावात पोचलो तेव्हा मनोहर गड्यांबरोबर अंगणात मांडव घालत होता. तो गाडीजवळ आला. बहिणीकडं बघून त्याचा चेहरा जरा बदलला, पण त्यानं तो लगेच सावरला.

"काय हो भावोजी, ह्या वर्षी धक्का न मारता आली?"

"उतारानं आली."

"मग वर जाताना बैल जोडू काय?"

"जोड," शेवंती दार उघडता उघडता म्हणाली. "पण तुझे नकोत. ते तुझ्यासारखेच आहेत, अर्ध्या वाटेत बसतील."

दुसऱ्या दिवशी पालखी आली. ढोल वाजत होते, पोरं ओरडत होती, भोई पालखी खांद्यावर नाचवत होते. शेवंती नवी साडी नेसून खुर्चीत बसली होती, मांडीवर ओटीचं ताट. पालखी अंगणात आली तशी ती उठायला लागली. दोन पावलं टाकली आणि खांबाला धरून थांबली. गावच्या म्हाताऱ्या गुरवानं ते बघितलं.

"शेवंते, बस गो," तो म्हणाला. "बसूनच भर ओटी. आईला चालतंय."

त्यानं हात वर केला. ढोल थांबले. भोयांनी पालखी खांद्यावरनं उतरवली आणि तिच्या खुर्चीपुढं, तिच्या हाताला येईल एवढी खाली धरली. एवढी जड पालखी हातांवर तोलून ते वाकून उभे होते. कुणी घाई केली नाही. शेवंतीनं खण, नारळ, तांदूळ ठेवले, हळदकुंकू लावलं, डोकं टेकवलं. बराच वेळ टेकवलं. मग मान वर करून म्हणाली, "उचला रे आता, हात भरले असतील तुमचे."

पुन्हा ढोल सुरू झाले.

शिमगा संपला. मी निघायची तयारी करायला लागलो तशी ती म्हणाली, "तुम्ही पुढं व्हा. पाईप मोकळा करा, ब्लोअर बसवा आणि मग मला न्यायला या. मी इथं फणसाखाली बसते. बघा, कालपासून खोकलासुद्धा कमी आहे."

खरंच कमी होता.

"किती दिवस लागतील सांगता येत नाही," मी म्हणालो.

"लागतील तेवढे लागू देत. घाई केली तर फाटा फुटेल."

"जोर लावला तर आठवड्यात होईल."

"जोर लावू नका, सांगितलं ना. आणि वेळेवर जेवत जा."

मी एकटा निघालो. घाटाखाली गाडी थांबवली, पाणी बघितलं, देवीचं नाव घेतलं आणि चढायला लागलो. पहिलं वळण गेलं, दुसरं गेलं. जिथं दर वर्षी अडकायचो त्या वळणावर मी आरशात बघितलं, सवयीनं. मागं रस्ता मोकळा होता. गाडी कुरकुरली, पण थांबली नाही. नव्या रिंगा आणि एकच माणूस. फियाट पहिल्यांदाच आंबा घाट कुठं न थांबता चढली.

वर आंब्याला टपरीवर चहा घेतला. मला इतका आनंद झाला होता की टपरीवाल्याला सगळं सांगितलं. त्याला वाटलं असेल, हा माणूस काय बोलतोय. तिथूनच गाडी वळवून तिला घेऊन यावं असं मनात आलं. मग वाटलं, माहेरी आहे, बरं वाटतंय, राहू दे थोडे दिवस. आणि दोघांना घेऊन चढायचं तर ब्लोअर हवाच.

रोज संध्याकाळी वर्कशॉपातनं घरी आलो की पाईप घेऊन बसायचो. छिन्नी, छोटी हातोडी, खाली कागद. तेवढ्यात मनोहरच्या घरचा फोन यायचा.

"किती निघाला?" ती विचारायची.

"आज बोटाचं एक पेर."

"छान. जेवलात?"

"जेवतो आता. हाताला वाळू आहे."

"मग हात धुवा नि जेवा. वाळू कुठं पळून जात नाही."

एकदा तिनं विचारलं, "फाट्यापर्यंत पोचलात का?"

"पोचलो. तुझी तार लागली हाताला."

"ती ओढू नका. वाळू सुटली की आपोआप निघेल."

एक फाटा मोकळा झाला त्या दिवशी मी स्वतःहून फोन केला. पाईपाच्या एका टोकानं फुंकलं तर दुसरीकडनं हवा येत होती. मी फोनमध्ये फुंकून तिला ऐकवली. ती हसली. "अर्धा घाट चढलात," ती म्हणाली.

त्यानंतर दोनच दिवसांनी दुपारी मनोहरचा फोन वर्कशॉपात आला. ह्या वेळेला तो कधी करत नसे.

"भावोजी," तो म्हणाला, "ताई गेली. जेवली, फणसाखाली पडली. मला वाटलं झोपलीय."

मी घाट उतरलो. सगळं तिथंच झालं. दहावं-तेरावं झाल्यावर मी परत निघालो तेव्हा मनोहर गाडीपर्यंत आला. गाडीबद्दल तो काही बोलला नाही. दार लावून त्यानं टपावर हात ठेवला आणि काढला.

कोल्हापुरात आल्यावर मी घरातच बसून असायचो. एके सकाळी हौसाबाई डबा घेऊन आली. पाईप खिडकीत होता. तिनं तो उचलला, मोकळ्या फाट्यातनं बोट घातलं, मग दुसऱ्याशी येऊन थांबली.

"हा ऱ्हायलाय अजून," ती म्हणाली.

"फार कडक आहे. तिच्या हाताला बिडाची सवय होती ना. तेल जास्त पडलं."

हौसाबाईनं माझ्याकडं बघितलं. "कसली सवय वं? आम्ही दोघींनी पंपाचं अ‍ॅल्युमिनियमचं कोअर केल्यात वर्सानुवर्सं. तिच्या हातचा कोअर नुसता पाईप हालवला की गळून पडायचा."

"मग त्या दिवशी?"

"मी म्हणत होतो तिला, पुरे गं पुरे, निघायचा न्हाई. नंतर भट्टीला जाताना रिक्षापर्यंत आली माझ्यासंगं. तवा म्हणाली, 'निघायला वेळ लागू दे, हौसा. मी शिमग्याला जाईन ती काय परत येत न्हाई. ह्यांच्या हाताला काहीतरी काम पाहिजे. रिकामं बसलं की ते जेवत न्हाईत.'"

तिनं पाईप खिडकीत ठेवला आणि पदर तोंडाला लावला. मग डबा उघडून माझ्यापुढं सरकवला. भाकरी होती, वांग्याची भाजी होती. मी हात धुतले आणि जेवलो.

त्याला आता बरीच वर्षं झाली. फियाट शेडमध्ये आहे, मधून मधून सुरू करतो. ब्लोअर ब्रॅकेटवर बसवला आहे, पुलीही बसवली आहे. बाबालाल म्हणतो, आता बेताच्या आचेची नवी भट्टी घेतलीय, पाईप माझ्याकडं दे, तीत ठेवून वाळू जाळून काढतो, चहा पिऊन होईस्तोवर मोकळा होतोय. मी त्याला दिलेला नाही. संध्याकाळी कधी बसतो, थोडं खरवडतो, हात धुऊन जेवतो.

दुसऱ्या फाट्यातली वाळू काढायची अजून राहिली आहे.